राजाला काय चेक करायचंय?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चेसच्या क्लासला जाते. क्लासमधे सर 'चेक' म्हणतात, घरी तिचे आजोबा 'शह' म्हणतात. परवा ती म्हणाली, बाबा चेक म्हणजे तपासणं ना, मग राजाला काय तपासायचं? मला काही सांगता येईना. बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, चेक करणं हे सगळे एकच शब्द आहेत का? आणि चेकमेटमधला मेट म्हणजे दोस्त का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : लेकीला आधी हे सांगा की सर आणि आजोबा दोघं एकच शब्द बोलतायत. खरंच एकच. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

खेळ आपल्याकडचा, चतुरंग. तो इराणात गेला आणि तिथे राजाला म्हणायचे शाह, आपल्या बादशहा-पातशहातला तोच. समोरच्याच्या राजावर नेम धरला की खेळणारा मोठ्याने 'शाह!' म्हणायचा, म्हणजे बाबा तुझा राजा बघ, सांभाळ त्याला. फारसीतून तो शब्द मराठीत आला आणि त्याचा झाला 'शह'. दुसरीकडे अरबांबरोबर हा खेळ युरोपात पोचला, तिथे लॅटिनमधे 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमधे 'एशेक' असं होत होत साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत 'चेक' तयार झाला. खुद्द 'चेस' हे नावसुद्धा त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलंय. म्हणजे इंग्रजीने आपल्याकडून घेतला नाही की आपण इंग्रजीकडून घेतला नाही, एका घरातले दोन भाऊ दोन दिशांना गेले आणि आता तुमच्या घरी पटावर परत भेटले.

आता तपासण्याचं. पटावर शह बसला की काय होतं ते मुलीला विचारा, ती लगेच सांगेल. बाकी सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात, कितीही भारी चाल डोक्यात असली तरी आधी राजाला वाचवायचं. म्हणून इंग्रजीत चेकचा अर्थ झाला अडवणं, रोखणं. मग आवर घालणं, ताब्यात ठेवणं. आणि एखादी गोष्ट ताब्यात ठेवायची तर ती बरोबर आहे ना हे ताडून बघावं लागतं, त्यातून 'तपासणं' आला, तोही बराच उशिरा, १७व्या शतकाच्या शेवटाकडे. म्हणजे मुलीला जो अर्थ पहिला वाटतो तो खरं तर खूप नंतरचा. जुना अर्थ आपल्या गावागावांत आजही जिवंत आहे, ओढ्यावरचा चेक डॅम बघा. तो पाणी तपासत नाही, पळणाऱ्या पाण्याला अडवतो, जमिनीत मुरवतो. शिवारातल्या त्या बंधाऱ्याच्या नावात बुद्धिबळातला शह आहे हे मला फार सुंदर वाटतं.

शर्टाचं सोपं आहे. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेलं कापड म्हणून चेक्स, आपण चौकड्याचा शर्ट म्हणतो तोच.

बँकेच्या चेकची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब एका मोठ्या टेबलावर व्हायचा, साधारण १० फूट लांब आणि ५ फूट रुंद, त्यावर रेघा मारलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं महाकठीण, त्यामुळे पौंड, शिलिंग, पेनी असे रकाने पाडून त्यात सोंगट्या ठेवून मोजायचे. वर्षातून दोनदा शेरीफ लोक, म्हणजे राजासाठी वसुली करणारे अधिकारी, वसुलीचा हिशोब द्यायला यायचे आणि त्या काळच्याच एका लॅटिन पुस्तकात म्हटलंय की इथेही बुद्धिबळासारखीच लढत चालते, खजिनदार आणि शेरीफ यांच्यात. पटासारखं दिसणारं टेबल म्हणून त्या खात्याचंच नाव पडलं 'एक्सचेकर', आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चान्सलर ऑफ द एक्सचेकर आहे. पण आपला चेक थेट या टेबलावरून उठून आलेला नाही हं, इथे खूप जणांची गल्लत होते. १८व्या शतकाच्या सुरुवातीला पैशाच्या कागदाचं जे अर्धुक, म्हणजे काउंटरफॉईल, मागे ठेवायचे त्याला चेक म्हणायचे, कारण त्याच्याशी ताडून बघितलं की खोटेपणा पकडता यायचा. पुढे कागदालाच ते नाव चिकटलं. एक्सचेकरचा हात फक्त स्पेलिंगमधे आहे, त्याच्या प्रभावाने इंग्रजांनी शेवटी क्यू-यू-ई लावलं, अमेरिकन लोकांनी साधं सी-के ठेवलं. आपल्याकडे चेक, वचनचिठ्ठी वगैरेंच्या १८८१ च्या कायद्यात इंग्रजांचं स्पेलिंग आलं म्हणून पासबुकावर तेच दिसतं.

चेक रिपब्लिकचा यात काही संबंध नाही, ते तिथल्या लोकांचं नाव.

राहिला मेट. दोस्त या अर्थाचा मेट वेगळा, तो जर्मनिक भाषांतला, मुळात एकत्र जेवणारा सोबती. चेकमेटमधला मेट म्हणजे 'शाह मात' मधला मात, राजा हतबल झाला, आता त्याला कुठेच जाता येत नाही. (अरबीत 'मात' म्हणजे मेला, म्हणून काही जण राजा मेला असा अर्थ लावतात, पण राजाला पटावर कोणी मारतच नाही, त्यामुळे मला हतबलच जास्त पटतं.) आपण संकटावर मात केली म्हणतो ती मातही हीच. तेव्हा पुढच्या वेळी आजोबा हरले की मुलीने चेकमेट म्हटलं काय आणि शहमात म्हटलं काय, ती एकच गोष्ट म्हणतेय.