चार डोळ्यांच्या ओपॉसमच्या (कांगारूच्या दूरच्या नात्यातला, अमेरिकेतला छोटा सस्तन प्राणी) डोळ्यांच्या वर फिकट ठिपके कशासाठी असतात? झोपेत तो जागा वाटावा म्हणून, हे खरं का?

मला नाही पटत. फिलँडर, म्हणजे राखाडी चार डोळ्यांचा ओपॉसम, निशाचर आहे. दिवसा पानांच्या घरट्यात नाहीतर ढोलीत अंगाचा गोळा करून पडलेला असतो. तिथे त्याचे डोळे उघडे की मिटलेले हे बघायला कोण जातंय? अंदाज म्हणून ठीक आहे, पण लोक पुरावा असल्यासारखं सांगतात.

पनामात गांबोआजवळ सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात मी मदतनीस होतो. आमचे एक वरिष्ठ या कथेचे परमभक्त. एकदा पहाटे पिंजऱ्यात मादी सापडली, जबडा वासून फिसकारत होती. (मेल्याचं सोंग घेतो तो व्हर्जिनिया ओपॉसम. इथे त्या भरवशावर हात घालू नका.) बॅटरीच्या पिवळ्या उजेडात अंग तपकिरी दिसत होतं. साहेबांनी डोळ्यांवरचे दोन फिकट ठिपके पाहिले आणि म्हणाले, "लिही, मेटाकायरस." म्हणजे तपकिरी चार डोळ्यांचा. मी म्हटलं, सर, शेपूट बघा. बुडाशी पाच-सहा सेंटिमीटर दाट केस आहेत, पुढे उघडी काळी कातडी, टोक पांढरं. मेटाकायरसची शेपटी जवळपास बुडापासूनच उघडी असते. शिवाय हिला पोटाला पिशवी आहे, मेटाकायरसच्या मादीला ती नसतेच. यावर उत्तर काय, तर "ठिपके दोघांनाही असतात ना?" अहो, तेच तर सांगतोय! दोघांनाही असतात म्हणूनच या दोघांत फरक करायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. वहीत शेवटी काय गेलं ते विचारू नका.

आणि नवल करायचंच तर या प्राण्याच्या कानांचं करा. नर बेडूक मादीला साद घालतो आणि त्या आवाजाच्या रोखाने फिलँडर हजर होतो. १९८१ साली यावर शोधनिबंध आला, तोही पनामातल्याच कामावर. पण गाइड पर्यटकांना डोळेच दाखवणार.

हां, एक राहिलं. शेपटीचं पांढरं टोक लहानमोठं असतं, काहींत नसतंही, तेव्हा भरवसा बुडाशी असलेल्या केसांवर ठेवा. फिलँडरमध्ये नव्या जातीही निघत असतात. २००६ मध्ये व्हेनेझुएलातून दोन आल्या. त्यामुळे फोटोवरून जात ठरवायच्या फंदात पडू नका, फिलँडर एवढं म्हणा. फोटो काढताना शेपूट बुडापासून येऊ द्या. आणि कुणी वरिष्ठ नुसता चेहरा बघून नाव सांगू लागला, तर त्या नोंदीखाली आपली सही करू नका.