नाशिकमध्ये डासांसाठीचा पैसा जातो कुठे, आणि कॉलनीने स्वतःचं धुराचं मशीन घ्यावं का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पाथर्डी फाट्याकडच्या तुमच्या कॉलनीत पंधरा दिवसांत डेंग्यूचे तीन पेशंट निघाले, धुराची गाडी एकदाच येऊन गेली, म्हणून घरटी हजार रुपये काढून फॉगिंग मशीन घ्यायचं चाललंय, ते घ्यावं का? आणि घरपट्टी भरूनही ही वेळ का यावी, पालिकेचा पैसा मुरतो कुठे?

मशीन घेऊ नका. का, ते पुढे सांगतो, कारण त्याचं उत्तर पैशाच्या उत्तरातच आहे.

मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो (कुठल्या ते राहू द्या), आता इंदिरानगरला राहतो. डासांमधला मी तज्ज्ञ नाही. डासांची बिलं मात्र पुष्कळ पाहिली.

शहरातला डास हा कायद्याने महापालिकेचा विषय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये कलम ६३ खाली कामांची यादी आहे, तिला 'बंधनकारक कर्तव्ये' म्हणतात, आणि रोगांचा फैलाव रोखणं त्यात येतं. म्हणजे बाग करावी की नको हे ठरवता येतं, हे टाळता येत नाही. पण बंधन घालणाऱ्या कलमाच्या शेजारी पैशाचं पाकीट ठेवलेलं नसतं. पैसा तीन वाटांनी येतो. एक, पालिकेचा स्वतःचा: घरपट्टी, बांधकाम परवानग्यांचं शुल्क वगैरे. दुसरी वाट राज्याच्या अनुदानाची. नाशिकची जकात मे २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ऑगस्ट २०१५ मध्ये तीही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली, आणि जुलै २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईपोटी राज्याचा धनादेश येतो, दर वर्षी ८ टक्के वाढीने. जकात नाक्यावरचा पैसा रोज हातात पडायचा, आता तो मुंबईहून येतो, एवढा फरक लक्षात ठेवा. तिसरी वाट राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. या वाटेने बरंच काही रोख न येता वस्तूच्या रूपात येतं, उदाहरणार्थ डेंग्यूच्या आयजीएम तपासणीची (रक्तातल्या प्रतिपिंडांची) किट पुण्याच्या एनआयव्हीकडून, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून येतात.

ही रचना मुळात हिवतापासाठी बांधलेली. देशात १९५८ साली हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम आला, शहरांसाठीची योजना १९७१ ची, आणि तिचं सूत्र ढोबळमानाने असं की अळ्या मारायचं औषध केंद्र देणार, माणसांचा आणि चालवायचा खर्च स्थानिक संस्था करणार. खातं अजून 'मलेरिया विभाग' म्हणूनच ओळखलं जातं, पण पळापळ असते डेंग्यू-चिकुनगुन्याची. आपल्या जिल्ह्याला ते नवं नाही, २००६ मध्ये मालेगावने चिकुनगुन्या भोगलाय.

आता पैसा जातो कुठे. अंदाजपत्रकात डास एका पानावर सापडत नाहीत. कर्मचाऱ्यांचे पगार आस्थापना खर्चात, औषध आणि धुरळणीचा ठेका वेगळ्या लेखाशीर्षात (म्हणजे खर्चाच्या वेगळ्या खात्यात), नाले आणि पावसाळी गटारं तिसरीकडे, गोदावरीतली पाणवेल काढणं चौथीकडे. गंमत म्हणजे डास खरोखर कमी करणारा खर्च बहुतेक वेळा 'डास' या शब्दाखाली नसतोच. नळाला वेळेवर आणि भरवशाचं पाणी आलं की लोक पिंप भरून ठेवत नाहीत, पण तो खर्च पाणीपुरवठ्याचा. डास म्हणून जे दिसतं ते धूर.

आणि धूरच का, याचं उत्तर आमच्या टेबलावर होतं. धुराचं बिल करता येतं. इतक्या फेऱ्या, इतके लिटर, इतके मजूर, लॉगबुकवर सही, देयक मंजूर. याउलट एखादी ताई दारोदार जाऊन दीडशे घरांतली पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचे ट्रे बघते, अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावते. तिने काय मोजून द्यायचं? न झालेले डास लॉगबुकात लिहिता येत नाहीत. हिशेबाला दिसेल तेवढंच काम मोठं होत जातं, हे मी २२ वर्षं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या सह्यांत माझ्याही आहेत.

त्यात नागरिकांचाही हातभार. गाडी आली की गल्लीतली पोरं धुरात पळतात, आपल्याला वाटतं काम झालं. नगरसेवकाला फोन करताना कुणी 'आमच्या घरच्या टाक्या तपासा' म्हणत नाही, 'धूर मारा' म्हणतात.

धुरात असतं काय? मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचं सरकारी प्रमाण एकास एकोणीस, म्हणजे २० लिटर मिश्रणात १९ लिटर डिझेल. तो धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासाला लागला तर मारतो. पिंपातल्या अळीला त्याचं काही नाही. डेंग्यूचा डास, एडिस, घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसतो आणि दिवसा चावतो. आणि धूर आला की आपण काय करतो? खिडक्या लावून घेतो. आठवड्या-दहा दिवसांत अळीचा डास होतो, म्हणजे पुढच्या आठवड्यात नवी पिढी हजर. पेशंट निघाल्यावर त्याच्या घराभोवतीचे डास झटपट मारायला धूर ठीक आहे, पालिकेने तो तिथे मारावाच. पण दर रविवारी तुमच्या मशीनमधून निघणारा धूर म्हणजे वर्गणीचं डिझेल.

वेळेचंही एक कोडं आहे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, निविदा, मंजुऱ्या यात पाऊस येतो. रुग्ण वाढतात ऑगस्ट ते ऑक्टोबरात. तेव्हा ओरड होते, जादा तरतूद मागितली जाते, ती मिळेपर्यंत नाशिकची थंडी पडते. डास आपोआप घटतात आणि श्रेय फवारणीच्या खात्यावर जमा. खरं तर या डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात, म्हणून सगळ्यात स्वस्त काम मे महिन्यातलं, भांडी घासून ती अंडी काढायचं. त्या महिन्यात डेंग्यूची बातमीच नसते, मग त्याला पैसे कोण मागणार.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळात अंदाजपत्रकावर सभेत भांडायलाच कुणी नव्हतं. चांगलं की वाईट यावर मी इथे वाद घालत नाही, पण पाण्याच्या टाक्यांसाठी तसंही फारसं कुणी भांडायचं नाही.

तुम्ही काय मागावं? विभागीय कार्यालयात 'धूर मारा' असा अर्ज देऊ नका. आमच्या भागात गेल्या तीन महिन्यांत किती घरं तपासली आणि किती घरांत अळ्या सापडल्या, हे विचारा. शंभर तपासलेल्या घरांमागे अळ्या सापडलेली घरं म्हणजे 'घर निर्देशांक', हा आकडा या कामात मोजतातच. तोंडी मिळाला नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज, ३० दिवसांत उत्तर. सोबत त्या लेखाशीर्षाची मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही रकाने मागा. नुसती तरतूद बघून भुलू नका, वर्षाचं खरं चित्र तिसऱ्या रकान्यात असतं.

आता माझी फजिती. गेल्या पावसाळ्यात मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत हेच सगळं भाषण दिलं. चार दिवसांनी तपासणीवाल्या ताई आल्या, सरळ आमच्या हॉलमध्ये गेल्या आणि मनी प्लांटची बाटली उचलून उजेडात धरली. आत वळवळ. "काका, तुमच्याकडेच की!" म्हणाल्या. सौ. अजून ऐकवते.

त्यानंतर आम्ही वर्गणी काढली, मशीनसाठी नाही. गच्चीवरच्या दोन टाक्यांची फुटकी झाकणं बदलली, संडासाच्या व्हेंट पाइपांना जाळ्या बांधल्या, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला छोटा पंप घेतला (रो-हाऊसवाल्यांनी हे तळघरासाठी करावं), आणि शेजारच्या अर्धवट बांधकामाच्या टाक्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले, ते पालिकेकडूनच आणले. तुमच्या कॉलनीलगत बांधकाम चालू असेल तर आधी तिथे जा, क्युरिंगचं (सिमेंट मुरवायला मारलेलं) पाणी आणि उघडे पिंप तिथेच असतात. शनिवारी कोरडा दिवस: सगळी भांडी रिकामी करून कडा घासायच्या, नुसतं पाणी ओतून अंडी निघत नाहीत. कूलर गुंडाळून ठेवताना त्याची टाकी घासली का, हे प्रत्येकाने बघायचं.

तुमच्या तीन पेशंटांच्या घरांपासून सुरुवात करा, हा डास साधारण दोनचारशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. ताप येऊन पाच दिवस झाले नसतील तर एनएस१ तपासणी (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी), नंतर आयजीएम. पालिकेच्या बिटको किंवा झाकीर हुसेन रुग्णालयात दाखवलं की पेशंटची नोंदही होते, आणि नोंद झाली की धुराची गाडी त्या घराशी यायला हवी. ती न आल्याची तक्रार मात्र जरूर करा.