'दिव्यांग' लिहू की 'अपंग'?

कालिन्याला होणाऱ्या अपंगत्वविषयक चर्चासत्राची मराठी पत्रिका लिहिताना एका वाचकाला प्रश्न पडलाय: 'अपंग', 'विकलांग' की 'दिव्यांग'? आणि 'इन्क्लूजन'ला 'समावेशन' चालेल का?

सरकारी नावांचा प्रश्न सोपा आहे. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये 'मन की बात'मधून 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि पाट्या बदलत गेल्या. २०२२ मध्ये आपल्या राज्यात दिव्यांग कल्याण विभागही झाला. अशी नावं आहेत तशीच छापा.

'विकलांग' मी सोडून देईन. मराठीत 'विकल' म्हटलं की आधी व्याकूळ मन आठवतं.

खरी गंमत 'दिव्यांग'मध्ये आहे. फोड सरळ, दिव्य अधिक अंग. पण मराठीत 'दिव्य' हे नामही आहे. पूर्वी आपला खरेपणा पटवायला माणूस तापलेलं लोखंड हातात धरायचा, उकळत्या तेलात हात घालायचा, ते दिव्य. कुबड्यांवर चालणारा माझा एक मित्र दादरचा जिना चढून आला की धापा टाकत म्हणतो, "अंग साधंच आहे रे, दिव्य ह्या जिन्याचं!" आणि लोकलवर काहीही रंगवा, फलाटावर तो 'हँडिकॅप डबा'च.

म्हणून मी 'अपंग व्यक्ती' लिहीन. संस्कृत 'अपांग'चा एक अर्थ अंगहीन, दुसरा डोळ्याचा कोपरा. (काव्यातली नायिका अपांगातून पाहते, तिचं दुखणं वेगळं.) काहींना हा शब्द टोचतो, हेही खरं. वक्त्यांत अपंग मंडळी असतीलच. छापण्याआधी त्यांना एक फोन करा.

'समावेशन' चालेल. फक्त भाषणात त्याचं 'सामावून घेणं' करू नका. त्यात घेणारा आत बसलेला असतो आणि दुसरा त्याच्या मर्जीवर दाराशी. 'समावेश' आणि 'प्रवेश' दोन्ही 'विश्' धातूचे. त्यात माणूस स्वतःच आत येतो.

आणखी एक. पत्रिकेच्या कच्च्या खर्ड्यात 'मूकबधिर' आहे, तिथे 'कर्णबधिर' करा. ऐकू न येणारा मुका असतोच असं नाही, आणि खुणांची भाषा बोलणाऱ्याला मुकं कोण म्हणेल? दुभाषी ठरला असेल तर तेही तळाशी छापा, सभागृहाला लिफ्ट आहे की नाही त्याच्या शेजारी.