बॅग घेताना आधी चाकं बघा

सतत विमानाने ये-जा करणाऱ्या वाचकांकडून बॅगांविषयी आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : महिन्यातून तीन-चार विमानप्रवास होतात. दोन वर्षांत दोन कडक बॅगा गेल्या. एकीचा कोपरा तडकला, दुसरीचं चाक बुडापासून उखडलं. आता कोणत्या मटेरियलची घ्यावी?

उत्तर : मटेरियल बदलून तुमची पहिली अडचण सुटेल, दुसरी नाही.

तडकलेली बॅग बहुधा एबीएस प्लास्टिकची असावी. ते स्वस्त आणि चकचकीत असतं, पण धक्का बसला की वाकण्याऐवजी तडा जातो, थंडीत तर जास्तच. पॉलिकार्बोनेट दबतं आणि उसळून जागेवर येतं. पॉलिप्रॉपिलीन त्याहून मऊ आणि हलकं. शांपूच्या बाटलीच्या झाकणाला जी पातळ बिजागरी असते ती याच प्लास्टिकची, शेकडो वेळा उघडमीट करूनही तुटत नाही. सतत चेक-इन करणाऱ्याने या दोनांपैकीच घ्यावी. फसगत होते ती लेबलवर. ‘पीसी/एबीएस’ म्हणजे पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण, आणि ‘पीसी फिल्म’ म्हणजे एबीएसवर पॉलिकार्बोनेटचा नुसता पापुद्रा. बॅग उघडा, रिकाम्या कवचाच्या मधोमध तळव्याने चांगलं दाबा. कवच दबून लगेच परत यायला हवं. अजिबात दबत नसेल तर त्याला मजबुती समजू नका. तीच बॅग कोपऱ्यावर आपटली की तडकते.

ॲल्युमिनियमची बॅग दिसते दणकट, पण तिला पोचे पडतात आणि ते तसेच राहतात. चौकटच वाकली तर झाकण नीट बसत नाही. शिवाय वजन. कापडी बॅगेत 1680 डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन उत्तम. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा म्हणजे धागा जाड, इतकंच. तेवढ्याच डेनियरचं पॉलिएस्टर नायलॉनच्या आधी झिजतं. कापडी बॅग पावसात विमानाजवळ उभ्या सामानाच्या गाडीत भिजते, तेव्हा आतले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरा.

आता चाक. आमच्या मते बॅगेचं आयुष्य कवच ठरवत नाही, चाकं, हँडल आणि चेन ठरवतात. चार चाकांच्या बॅगेची चाकं बुडाखाली पूर्ण बाहेर असतात. बॅग बेल्टवरून घसरून उभी आपटली की सगळा भार एका चाकाच्या घरावर येतो, आणि ते घर कवचाला तीन-चार ठिकाणीच धरलेलं असतं. दोन चाकांच्या बॅगेत चाक अर्धं आत बसवलेलं, म्हणून मार कमी खातं. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकं सुखाची, खडबडीत रस्त्यावर आणि चेक-इनच्या आदळआपटीत दोन चाकं टिकाऊ. निवड तुमच्या वाटेवर आहे.

चाक असं तपासा. बॅग आडवी करून चाकाला बोटाने गरगर फिरवा. ते खरखर न करता काही सेकंद फिरत राहिलं पाहिजे आणि बाजूला ओढलं तर डुगडुगता कामा नये. मग आतल्या अस्तराची चेन उघडा आणि चाकाचं घर कशाने बसवलंय ते बघा. स्क्रू दिसले तर चाक पुढे-मागे बदलता येईल. रिव्हेट असेल तर ते ड्रिलने काढावं लागतं. अस्तर चिकटवून टाकलंय, चेनच नाही, अशी बॅग आम्ही घेणार नाही. ती दुरुस्तीसाठी बनवलेलीच नाही.

प्रश्न : चांगली दोन चाकांची बॅग तीन-चार वर्षं कपाटावर पडून होती. बाहेर काढली तर चाकांचं रबर हाताने भुगा होतंय. न वापरता कसं खराब झालं?

उत्तर : ते रबर नाही, पॉलियुरेथेन आहे. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या साखळ्या तुटत जातात. वापरा किंवा न वापरा. काही बॅगांचं आतलं कोटिंग चिकट होऊन सोलतं तेही याच कारणाने. म्हणून बंद बॅग कोरड्या जागी ठेवा.

बॅग फेकू नका. चाकाचा व्यास, रुंदी आणि मधल्या दांडीची जाडी मोजा. बऱ्याच चाकांत स्केटिंगच्या चाकांत असतं तेच 608 नंबरचं बेअरिंग असतं (भोक 8 मिमी, बाहेरून 22, जाडी 7), त्यामुळे जोड मिळणं अवघड नाही. जुनी दांडी दोन्हीकडून ठोकून बंद केलेली असते. चाक आणि घर यांच्यामधल्या फटीत लोखंड कापायच्या करवतीचं नुसतं पातं घालून ती कापा. आधी घराच्या प्लास्टिकवर जाड चिकटपट्टी लावा, नाहीतर पातं तेही खातं. नवं चाक, दोन्ही बाजूंना वॉशर, आणि दांडीच्या जागी ॲलन बोल्ट. बोल्ट इतकाच आवळा की चाक मोकळं फिरेल, आणि आट्यांवर लॉकिंगच्या द्रावाचा एक थेंब सोडा. नुसता आवळलेला बोल्ट थरथरीने सैल होतो. दोन्ही चाकं एकदमच बदला, नाहीतर बॅग एका बाजूला ओढते.

प्रश्न : हँडल अर्ध्यावर अडकतं. तेल घालावं का?

उत्तर : नको, तेलावर धूळ बसून आणखी अडकेल. नळ्या पूर्ण बाहेर ओढून कोरड्या फडक्याने पुसा, वर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा मारा. त्याआधी बॅग रिकामी करून बघा. नळ्या बॅगेच्या पाठीतून आत जातात. कोंबून भरलेलं सामान त्यांना दाबतं आणि बटणाने सुटणारी खिटी भोकातून निघत नाही. नवीन घेताना हँडल थोडं हललं तर घाबरू नका. अजिबात न हलणाऱ्या नळ्या एकमेकींत घट्ट असतात आणि जराशा वाकल्या की कायमच्या रुततात. आणि बाहेर ओढलेल्या हँडलने बॅग उचलू नका. उचलायला बाजूची मूठ आहे.

प्रश्न : चेनला कुलूप लावलं म्हणजे बॅग सुरक्षित का?

उत्तर : साध्या कॉइल चेनमध्ये (जिचे दात नायलॉनच्या वेटोळ्याचे असतात) बॉलपेनचं टोक दातांवर रोवून दाबलं की दात फाकतात आणि बॅग उघडते. काम झालं की कुलपासकट दोन्ही रनर एकदा पूर्ण फिरवले की दात पुन्हा बसतात, मागमूस राहत नाही. हे टाळायचं तर दुहेरी कॉइलची चेन घ्या, किंवा चेनऐवजी चौकट आणि खटके असलेली बॅग. टिकाऊपणासाठी चेनच्या मापाकडे बघा: मोठ्या बॅगेच्या मुख्य चेनला 8 किंवा 10 नंबर हवा, 5 नंबर आतल्या खिशांपुरता. नंबर बहुतेक वेळा रनरच्या पाठीवर कोरलेला असतो.

टीएसए, म्हणजे अमेरिकेची प्रवासी तपासणी करणारी सरकारी संस्था. टीएसए कुलपाचा उपयोग अमेरिकेतल्या प्रवासात: तिथल्या तपासनीसांकडे त्याची मास्टर किल्ली असते, म्हणून त्यांना सहसा कुलूप तोडावं लागत नाही. चोरापासून मात्र त्याचा फार आधार धरू नका. 2015 मध्ये या किल्ल्यांच्या फोटोंवरून थ्रीडी प्रिंटरवर चालत्या किल्ल्या बनवल्या गेल्या होत्या.

प्रश्न : केबिन बॅग नेमकी किती मोठी घ्यावी?

उत्तर : आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, मार्गदर्शक माप 56 × 45 × 25 सेंमी आहे, पण ते सगळ्या कंपन्या पाळत नाहीत, काहींची मर्यादा 55 × 40 × 20 आहे. तुम्ही ज्या कंपन्यांनी जाता त्यांतल्या सगळ्यात कडक मापाची घ्या. लेबलवरचा आकडा कधी कधी चाकं सोडून दिलेला असतो, तेव्हा जमिनीपासून मुठीपर्यंत टेपने स्वतः मोजा. चेक-इनच्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंमीच्या आत असावी. 23 किलोच्या मर्यादेत पाच किलोची रिकामी बॅग म्हणजे सामानाला अठराच किलो उरले.

प्रश्न : मोबाइल चार्ज करणारी बॅग चेक-इन करता येते का?

उत्तर : बॅटरी काढता येत असेल तर ती काढून केबिनमध्ये न्या आणि बॅग खाली द्या. न निघणारी बॅटरी असलेल्या अशा बॅगा जानेवारी 2018 पासून अनेक कंपन्या घेत नाहीत. सुट्या बॅटरीला 100 वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, 100 ते 160 मध्ये कंपनीला विचारावं लागतं. हिशोब सोपा: 20,000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट भागिले 1000, म्हणजे 74 वॉट-तास.

प्रश्न : बेल्टवर बॅग फाटलेली मिळाली. घाईत घरी आलो, आता तक्रार करता येईल का?

उत्तर : आंतरराष्ट्रीय प्रवास 1999 च्या माँट्रियल कराराखाली असेल तर बॅग मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करता येते. उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी मुदत 21 दिवस. डिसेंबर 2024 पासून भरपाईची कमाल मर्यादा माणशी 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबी एकक आहे, त्याचा दर रोज बदलतो.

पुढच्या वेळी बेल्टजवळच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या बिघाडाचा अहवाल, करून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तो नसला की नुकसान नंतर झालं असं म्हणायला कंपनीला वाव मिळतो. बॅगेचा टॅग फाडू नका, तुटलेल्या जागेचे फोटो टॅगसकट काढा. ओरखडे आणि किरकोळ पोचे यांना कंपन्या नेहमीची झीज म्हणतात आणि त्यावर भांडून फारसं हाती लागत नाही. उखडलेलं चाक, फाटलेलं कवच, तुटलेलं हँडल यांवर जोर द्या. बॅग बनवणाऱ्याच्या वॉरंटीवर या बाबतीत विसंबू नका. ‘विमान कंपनीकडून झालेलं नुकसान वगळून’ ही ओळ बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरांत असते. विकत घेण्याआधी ती शोधा. आणि बॅग चेक-इनला देताना लोंबणारे पट्टे काढून ठेवा किंवा गुंडाळून घट्ट बांधा. बेल्टच्या सांध्यात पट्टा अडकला की शिवण उसवायला एवढं पुरतं.