संशोधनाचा विषय शोधतोयस? आधी एक शब्द मोज

अरे, क्वांटम कंप्युटिंगच्या मागे सगळेच धावतायत. तूही धाव, पण आधी घरचं, म्हणजे संगणकावरची मराठी, बघ. ‘घरासमोरच्यांनाही’ हा एकच शब्द घे. युटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. म्हणजे १६ चिन्हांचे ४८ बाइट. इंग्रजी अक्षराला १ पुरतो. त्यात प्रत्ययावर प्रत्यय. टोकनायझर म्हणजे मजकुराचे तुकडे, अर्थात टोकन, पाडणारा प्रोग्रॅम. इंग्रजीवर पोसलेला टोकनायझर त्याचे कुठेही तुकडे पाडतो, आणि भाषेच्या एआय मॉडेलचा खर्च टोकनांवर ठरतो. मी थेट मॉडेल शिकवायला बसलो, दोन महिने घालवले. घोळ तुकड्यांत होता. तू आधी शंभरेक शब्द हाताने फोड: घरा, समोर, च्यां, ना, ही. शेजारी टोकनायझरचे तुकडे लिही. कंटाळवाणं आहे, पण गाइडकडे जाताना हाच कागद घेऊन जा.