नामिबियातील वर्णभेद केवळ दक्षिण आफ्रिकेकडून आला होता का?

आपला प्रश्न असा आहे की नामिबिया 1990 पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता, मग त्याचा इतिहास वेगळा का वाचावा आणि तिथला वर्णभेद प्रिटोरियाहूनच, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारकडूनच, आलेला नव्हता का. माझ्या मते वर्णभेदाचे नाव आणि त्याची शेवटची चौकट दक्षिण आफ्रिकेची होती, पण पाया जर्मनांनी 1907 पर्यंतच घालून ठेवला होता. हा फरक लक्षात घेतला नाही, तर स्वातंत्र्यानंतरचा जमिनीचा वादही समजत नाही. आपल्याकडे या देशाचे नाव बहुतेकांनी 2022 साली कुनोत आणलेल्या चित्त्यांमुळे ऐकले, म्हणून थोडे मागून सांगतो.

1883 साली ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी आडोल्फ ल्युडेरित्स याने नामा या स्थानिक समाजाचा बेथानी येथील प्रमुख योसेफ फ्रेडेरिक्स याच्याकडून अंग्रा पेकेना हे बंदर आणि लगतची किनारपट्टी विकत घेतली. करारात पट्टीची रुंदी मैलांत लिहिली होती. फ्रेडेरिक्सला माहीत असलेला मैल सुमारे 1.6 किलोमीटरचा इंग्रजी मैल होता, तर ल्युडेरित्सने नंतर सुमारे 7.4 किलोमीटरचा जर्मन मैल पुढे केला. 1884 साली जर्मन चॅन्सेलर बिस्मार्कने हा प्रदेश जर्मन संरक्षणाखाली घेतला. त्यातून व्हॅल्व्हिस बे हे चांगले बंदर मात्र सुटले, कारण ब्रिटिशांनी ते 1878 सालीच घेतले होते.

1897 साली बुळकांडी रोगाने आफ्रिकेतली गुरे मरू लागली, तेव्हा जर्मनांनी उत्तर आणि मध्य भागांदरम्यान गुरांची नाकेबंदी उभारली. पुढे तीच रेषा प्रशासनाचीही सीमा ठरली. तिच्या दक्षिणेला जर्मन पोलीस, गोऱ्यांची शेते आणि रेल्वे होती. उत्तरेला ओवांबो समाजाचा दाट वस्तीचा प्रदेश होता. तिथली जमीन गोऱ्यांनी जवळपास घेतलीच नाही, माणसे मात्र मजूर म्हणून नेली. ही सीमा पुढे ‘लाल रेषा’ म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि या देशाच्या पुढील शंभर वर्षांचे बरेचसे राजकारण तिच्या दोन बाजूंच्या वेगवेगळ्या अनुभवांतून घडले आहे.

जमीन गेली ती दक्षिणेकडच्या लोकांची. जानेवारी 1904 मध्ये सॅम्युएल महारेरोच्या नेतृत्वाखाली हेरेरो या पशुपालक समाजाने उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गला त्यांचा पाडाव झाल्यावर जर्मन जनरल फॉन ट्रोथाने त्यांना ओमाहेकेच्या निर्जल प्रदेशात हाकलले, आणि 2 ऑक्टोबर 1904 रोजी जर्मन हद्दीत सापडलेल्या प्रत्येक हेरेरोला गोळी घालण्याचा जाहीरनामा काढला. त्याच महिन्यात वृद्ध हेंड्रिक विटबोईच्या नामांनीही शस्त्र उचलले. पुढे वाचलेल्यांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील ल्युडेरित्स (पूर्वीचे अंग्रा पेकेना) या बंदराच्या किनाऱ्याजवळची शार्क आयलंडची छावणी सर्वांत कुप्रसिद्ध होती. युद्धापूर्वी हेरेरोंची संख्या साधारण 80 हजार मानली जाते. 1911 च्या गणनेत ती सुमारे 15 हजार भरली. नामांपैकी निम्मे गेले असावेत.

या संहाराइतकेच महत्त्व मी त्यानंतरच्या कायद्यांना देतो. 1905 च्या अखेरीस हेरेरोंची जमीन जप्त करण्याचा आदेश निघाला. 1907 च्या नियमांनी सात वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी व्यक्तीला ओळखीचा बिल्ला बाळगणे सक्तीचे केले, आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय त्यांना जमीन किंवा गुरे बाळगता येईनात. गुरे राखून जगणाऱ्या समाजाकडून गुरेच काढून घेतल्यावर गोऱ्याच्या शेतावर राबण्याखेरीज दुसरा मार्ग राहत नाही, आणि नेमका तोच हेतू होता. दक्षिण आफ्रिकेत 1948 साली नॅशनल पक्ष वर्णभेदाचे धोरण घेऊन सत्तेवर येण्याच्या 41 वर्षे आधीची ही गोष्ट आहे. 1908 साली वाळवंटात हिरे सापडल्यावर मजुरांची भूक आणखी वाढली.

पहिल्या महायुद्धात, 1915 साली, दक्षिण आफ्रिकेच्या लुई बोथाच्या सैन्यापुढे जर्मनांनी शरणागती पत्करली आणि 1920 साली राष्ट्रसंघाने हा प्रदेश दक्षिण आफ्रिकेकडे सोपवला. ‘रहिवाशांच्या कल्याणासाठी’ अशी अट होती. 1922 साली कुत्र्यांवरील जबर कर आणि इतर जाचांविरुद्ध बोंडेलस्वार्त्स या छोट्या नामा गटाने बंड केले, तेव्हा या विश्वस्ताने त्यांच्यावर विमानांतून बाँब टाकले. जप्त जमिनी मूळ मालकांना मिळाल्या नाहीत. त्यांवर आता गरीब बोअर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे, शेतकरी वसवण्यात आले. उत्तरेतून मजूर आणण्याची कंत्राटी पद्धत अधिक घट्ट झाली. मजुरांची वैद्यकीय तपासणी करून ताकदीनुसार प्रतवारी केली जाई आणि त्यावर मजुरी ठरे. करार चालू असेपर्यंत मालक बदलता येत नसे आणि बायकामुले उत्तरेतच राहत.

1948 नंतर या सर्वांवर प्रिटोरियाची सिद्धांतबद्ध चौकट बसली. राजधानी विंडहूकमधली काळ्यांची जुनी वस्ती हलवून कातुतुरा या दूरच्या वसाहतीत न्यायचे ठरले, आणि 10 डिसेंबर 1959 रोजी त्याला विरोध करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पुढच्या वर्षी स्वातंत्र्यासाठी लढणारी स्वापो ही संघटना स्थापन झाली. सॅम नुजोमा तिचे अध्यक्ष. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नेमलेल्या ओडेंडाल आयोगाने 1964 साली देशाची वांशिक ‘मायभूमीं’त विभागणी सुचवली. बहुसंख्य काळ्यांच्या वाट्याला सुमारे 40 टक्के भूमी येणार होती, आणि तिच्यात कोरडी, वाळवंटालगतची जमीन बरीच होती.

स्वापोचे स्वातंत्र्ययुद्ध 26 ऑगस्ट 1966 रोजी उत्तरेतील ओमुगुलुग्वोंबाशे येथे सुरू झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दक्षिण आफ्रिकेचा अधिकार संपुष्टात आणला, आणि 1971 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तिचा ताबा बेकायदा ठरवला. तरीही माझ्या मते या काळातली सर्वांत परिणामकारक घटना रणांगणावरची नव्हे, तर डिसेंबर 1971 चा कंत्राटी मजुरांचा संप आहे. खाणी, मासळीचे कारखाने आणि शेते थंडावली. हजारो मजूर परत उत्तरेला गेले, आणि लवकरच मजूरभरती करणारी जुनी यंत्रणा मोडीत निघाली.

तडजोडीला मात्र 1988 उजाडावे लागले. शेजारच्या अंगोलातील, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका दोघेही उतरलेले युद्ध अडकून पडल्यावर क्यूबाचे सैन्य अंगोलातून आणि दक्षिण आफ्रिकेचे नामिबियातून माघारी जाण्याचा करार डिसेंबर 1988 मध्ये न्यूयॉर्कला झाला. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या. त्यांच्या शांतिसेनेचे नेतृत्व भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद यांच्याकडे होते. नोव्हेंबर 1989 मध्ये स्वापोला 72 पैकी 41 जागा मिळाल्या, म्हणजे बहुमत मिळाले, पण राज्यघटनेसाठी लागणारे दोन तृतीयांश मिळाले नाही. हे देशाच्या पथ्यावर पडले असे मी मानतो. विरोधकांशी बोलणे भाग पडले, आणि 9 फेब्रुवारी 1990 रोजी, म्हणजे मंडेला तुरुंगाबाहेर येण्याच्या दोनच दिवस आधी, मूलभूत हक्कांचे भक्कम प्रकरण असलेली घटना एकमताने संमत झाली. 21 मार्चला देश स्वतंत्र झाला. दक्षिण आफ्रिकेने स्वतःकडे ठेवलेले व्हॅल्व्हिस बे मात्र 1994 साली मिळाले.

या चित्राला काळी बाजूही आहे. स्वापोने दक्षिण अंगोलातील लुबांगो येथे आपल्याच शेकडो सदस्यांना हेरगिरीच्या संशयावरून कोंडून छळले होते. त्याची अधिकृत चौकशी कधीच झाली नाही, कारण नव्या सरकारने सलोख्याच्या नावाखाली दोन्ही बाजूंच्या कृत्यांवर पडदा टाकला. दक्षिण आफ्रिकेसारखा सत्यशोधन आयोग इथे नेमला गेला नाही.

त्याच तडजोडीत खासगी मालमत्तेला घटनात्मक संरक्षण मिळाले, त्यामुळे जमीन सुधारणा प्रामुख्याने ‘विकणारा राजी, घेणारा राजी’ या तत्त्वावर चालली. 2018 च्या सरकारी आकडेवारीनुसार खासगी मालकीच्या शेतजमिनीपैकी सुमारे 70 टक्के गोऱ्यांकडेच होती. सरकारने जी जमीन विकत घेऊन वाटली, ती वाटताना पूर्वजांच्या मालकीचा दावा हा निकष मानलाच नाही. स्वापोचा मुख्य पाठिंबा उत्तरेतील ओवांबो मतदारांचा, आणि जमीन गमावली ती मुख्यतः हेरेरो आणि नामांनी. त्यामुळे वाटपात उत्तरेकडच्या लोकांनाही जमीन मिळते, ही त्यांची जुनी तक्रार 2018 च्या जमीन परिषदेत पुन्हा उठली. 2021 साली जर्मनीने वंशसंहार मान्य करून 30 वर्षांत 110 कोटी युरो देऊ केले, पण ‘नुकसानभरपाई’ हा शब्द टाळला. ही रक्कम विकास मदत म्हणून विंडहूकच्या सरकारमार्फत यायची होती, म्हणून हेरेरो आणि नामांच्या अनेक पारंपरिक प्रमुखांनी करार नाकारला: ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याशी थेट बोला, अशी त्यांची मागणी आहे.