गॉबनिट : एका आयरिश नावाचे तीन अवतार आणि एक अर्थ

आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यात राहणाऱ्या एका मराठी वाचक भगिनींनी पुढील शंका विचारली आहे. त्यांच्या शेजारीणबाईंचे नाव गॉबनिट आहे आणि ते त्यांना आजीवरून ठेवलेले आहे. मात्र त्या आजीची नोंद १९०१ सालच्या जनगणनेत ‘अ‍ॅबिगेल’ अशी, तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत ‘डेबोरा’ अशी सापडते. एकाच बाईची ही तीन नावे कशी? शिवाय बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये गॉबनिटचा अर्थ कुठे ‘पित्याचा आनंद’ आणि कुठे ‘मधमाशी’ असा दिलेला असतो, त्यातला खरा कोणता?

यांतला एकही अर्थ गॉबनिट या शब्दाचा नाही. हे दोन्ही अर्थ अनुक्रमे अ‍ॅबिगेल आणि डेबोरा या हिब्रू नावांचे आहेत आणि सरकारी व चर्चच्या वह्यांमधून उलट्या दिशेने प्रवास करत ते मूळ आयरिश नावाला येऊन चिकटले आहेत. गॉबनिटचा अर्थ शोधायचा तर लोहाराच्या भट्टीपाशी जावे लागते.

जुन्या आयरिश भाषेत लोहारासाठी ‘गोबा’ असा लिहिला जाणारा शब्द होता. आजच्या भाषेत तो ‘गाउ’ असा ऐकू येतो, आणि ‘मॅगावन’ या आडनावात, म्हणजे ‘लोहाराचा मुलगा’ या अर्थाच्या आडनावात, तो अजून सुखरूप आहे. आयरिश पुराणकथांतल्या गोव्न्यू या लोहारदेवाचे नावही याच कुळातले आहे. या शब्दावरून पुरुषांसाठी ‘गोबान’ आणि स्त्रियांसाठी ‘गोबनत’ ही नावे घडली, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. यातला ‘नत’ हा जुन्या आयरिशमधला स्त्रीलिंगी लघुत्वदर्शक प्रत्यय आहे आणि तो एकदा ओळखता आला की अनेक जुनी नावे आपोआप उलगडतात. ‘ब्लाथ’ म्हणजे फूल, त्यावरून ‘ब्लाथ्नत’. ‘रोन’ म्हणजे सील हा समुद्री प्राणी, त्यावरून ‘रोन्नत’, जे आयोना बेटावरचे सातव्या शतकातले मठाधिपती अदमनान यांच्या आईचे नाव होते. मराठीत आपण हातोड्याची हातोडी आणि डब्याची डबी करतो, तेव्हा लिंग बदलते आणि वस्तूही लहान होते. आयरिशमध्ये पुरुषाच्या नावालाही असा लाडका प्रत्यय लागतो, एवढाच फरक. तेव्हा गोबनत, आणि तिचेच आजचे रूप गॉबनिट, याचा अर्थ मराठीत सांगायचा तर ‘लोहाराची चिमुरडी’ किंवा ‘छोटी लोहारीण’ असा होईल.

हे नाव आजवर टिकले ते एका संत स्त्रीमुळे. संत गॉबनिट सहाव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. परंपरेप्रमाणे तिचा जन्म क्लेअर परगण्यातला. शत्रूंपासून पळून ती प्रथम अरान बेटांपैकी इनिश ईर या सर्वांत लहान बेटावर गेली, आणि तिच्या नावाच्या छोट्या चर्चचे अवशेष तिथे आजही उभे आहेत. तिथे एका देवदूताने तिला सांगितले की, हे तुझे ठिकाण नव्हे. जिथे नऊ पांढरी हरणे चरताना दिसतील तिथे थांब. ती दक्षिणेकडे चालत राहिली. एका गावी तिला तीन हरणे दिसली, पुढे सहा दिसली आणि कॉर्क परगण्याच्या पश्चिमेला मूस्क्री भागातल्या बॅलिव्हर्नी येथे नऊ दिसली, तेव्हा तिने तिथेच मठ स्थापन केला. गुरे चोरून नेणाऱ्या टोळीवर तिने आपल्या पोळ्यातल्या मधमाश्या सोडल्या आणि गुरे परत मिळवली, ही तिची सर्वांत लोकप्रिय कथा आहे. ती मधपाळांची संत झाली ती या कथेमुळे, नावामुळे नव्हे. आयरिशमध्ये मधमाशीला ‘ब्याख’ आणि मधाला ‘मिल’ म्हणतात, आणि गॉबनिट या नावात यांपैकी एकाही शब्दाचा अंश नाही.

बॅलिव्हर्नीत ‘संत गॉबनिटचे घर’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या गोल दगडी बांधकामाच्या जागी १९५१ साली पुरातत्त्वज्ञ एम. जे. ओ’केली यांनी उत्खनन केले, तेव्हा तिथे लोखंड गाळण्याच्या आणि घडवण्याच्या कामाचे भरपूर पुरावे मिळाले. लोहारकीचे नाव धारण करणाऱ्या संताच्या घराखाली लोखंडाची मळी सापडावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. परंतु नाव आणि जागा एकमेकांना दुजोरा देतात, असे क्वचितच घडते. त्याच वर्षी शिल्पकार शेमस मर्फी यांनी घडवलेला तिचा पुतळा तिथे उभा राहिला, आणि त्यात ती मधमाश्यांच्या पोळ्यावर उभी आहे.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, तिच्या सणाच्या दिवशी, बॅलिव्हर्नीच्या चर्चमध्ये तिची मध्ययुगीन ओक लाकडाची लहानशी मूर्ती बाहेर काढतात. भाविक घरून आणलेली फीत त्या मूर्तीच्या उंचीला लावतात, तिच्याभोवती गुंडाळतात आणि मग ती फीत वर्षभर आजारपणासाठी जपून ठेवतात. या प्रथेला ‘गॉबनिटचे माप’ अशा अर्थाचे आयरिश नाव आहे. तिच्या स्थळांभोवती फेऱ्या घालण्याचीही रीत आहे. आयर्लंडमधल्या अशा फेऱ्या परंपरेने सूर्याच्या गतीने, म्हणजे स्थळ उजव्या हाताला ठेवून घालतात आणि त्या दिशेला ‘देशल’ म्हणतात. थोडे विषयांतर होईल, पण हा शब्द मराठी वाचकाने जरूर पाहावा, कारण त्याच्या मुळाशी असलेला ‘उजवा’ या अर्थाचा आयरिश शब्द आणि संस्कृत ‘दक्षिण’ हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत, आणि दोन्ही भाषांत त्याचे ‘उजवी बाजू’ आणि ‘दक्षिण दिशा’ असे तेच दोन अर्थ होतात. आपल्या ‘प्रदक्षिणा’ शब्दातही तोच ‘दक्षिण’ आहे.

आता अ‍ॅबिगेल आणि डेबोराकडे वळू. आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंदणी १८६४ साली सुरू झाली, आणि राज्यकारभाराची भाषा इंग्रजी होती. गॉबनिटसारख्या नावाला इंग्रजीत प्रतिरूप नव्हते, म्हणून नोंद करताना त्याच्या जागी एखादे परिचित नाव लिहिण्याची पद्धत पडली होती. मधमाशीच्या कथेमुळे कोणी ‘डेबोरा’ निवडले असावे, कारण हिब्रूत त्या शब्दाचा अर्थच मधमाशी आहे. ‘अ‍ॅबिगेल’ आणि तिचे लाडके रूप ‘अ‍ॅबी’ यांच्यामागे मात्र अर्थाचा काही धागा दिसत नाही. केवळ ब आणि ग या ध्वनींचे ओझरते साम्य आहे. हिब्रूत अ‍ॅबिगेल म्हणजे पित्याचा आनंद. त्यामुळे घरात गॉबनिट, जनगणनेत अ‍ॅबिगेल आणि चर्चच्या वहीत डेबोरा अशी एकच बाई त्या भागात मुळीच नवलाची नव्हती. यांपैकी एकही नाव दुसऱ्याचे भाषांतर नाही. नावांच्या याद्या करणाऱ्यांनी मात्र ‘गॉबनिट म्हणजेच अ‍ॅबिगेल’ ही नोंदीची सोय अर्थाची बरोबरी समजून घेतली आणि ‘पित्याचा आनंद’ तिच्या पदरात टाकला.

उलट दिशेचा एक प्रवासही आहे आणि त्याचा भारताशी दुरून संबंध येतो. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना, १९०३ ते १९०५ या काळात, ब्रिटिश मंत्रिमंडळात भारतमंत्री असलेले सेंट जॉन ब्रॉड्रिक यांची बहीण अल्बिनिया ब्रॉड्रिक (१८६१–१९५५) परिचारिका झाली, केरी परगण्यात स्थायिक झाली आणि आयरिश प्रजासत्ताकवादी चळवळीत उतरली. आयरिश भाषा शिकल्यावर तिने स्वतःसाठी निवडलेले नाव गॉबनिट नी व्रुअदर असे होते. उमराव घराण्यातल्या बाईने मुद्दाम कष्टकरी खेड्यांतले नाव घेतले, यातून ते नाव त्या काळी काय सांगत होते, हे कळते.

तरीही हे नाव कधी देशभर पसरले नाही. मूस्क्री, आसपासचा कॉर्क आणि केरी एवढाच त्याचा मुलूख राहिला, आणि तिथेही आता ते बहुधा आजीच्या पिढीचे नाव समजले जाते. माझ्या मते यात अर्थापेक्षा आवाजाचा वाटा मोठा आहे. ‘गॉब’ हा शब्द आयरिशमध्ये चोचीसाठी आणि तिथल्या बोली इंग्रजीत ‘थोबाड’ या अर्थाने चालतो, आणि शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी हे ओझे थोडे नाही. याउलट २०२१ साली आयर्लंडमध्ये मुलींसाठी सर्वाधिक ठेवले गेलेले नाव ‘फिया’ होते, ज्याचा संबंध हरीण आणि रानटीपणा या अर्थाच्या शब्दांशी आहे. गॉबनिटच्या कथेतले हरीण घरोघरी पोचले आणि खुद्द गॉबनिट मागे राहिली.

शेवटी उच्चाराविषयी. जोर पहिल्या अक्षरावर द्यावा. शेवटचा ट मृदू असून तो ‘त्य’कडे झुकतो. आपल्या नामाला विभक्ती लागली की शेवट बदलतो; आयरिशमध्ये हाक मारताना नावाची सुरुवातही बदलते, आणि ‘ग’चा उर्दूतल्या नुक्तेवाल्या ‘ग़’सारखा उच्चार होतो. बॅलिव्हर्नीच्या पारंपरिक प्रार्थनेत भाविक ‘अ ग़ॉबनिट’ अशी हाक मारूनच, मी माझे गाऱ्हाणे घेऊन तुझ्याकडेच आलो आहे, असे तिला सांगतात. शेजारीणबाईंना आयरिशमध्ये हाक मारायची असेल, तर तीही अशीच मारावी.